चामड्यावांचून हत्यारांची धार

कलमें बांधणारा किंवा फळबागेची छाटणी करणारा शेतकरी चाकू दगडावर घासतो, धार लागली असें समजतो आणि बागेंत जातो. वस्तुतः त्याचें काम तेव्हां अर्धेंच झालेलें असतें. दगडावरून उतरलेलें पातें पट्ट्यावर फिरविल्याखेरीज कलमाच्या कामास योग्य होत नाहीं, ही गोष्ट जुन्या न्हाव्यांस पक्की ठाऊक होती. आपल्यापैकीं पुष्कळांस ती आतां मुद्दाम सांगावी लागते. याचें एक कारण असें कीं, पट्टाच नाहींसा झाला. पूर्वीं गांवचा न्हावी आपल्या धोकटींत चामड्याचा पट्टा बाळगी, आणि शेतकरी आपला चाकू त्यावर चार वेळां फिरवून घेई. आतां न्हावीही प्रत्येक गिऱ्हाइकास नवें पातें घालतो व काम होतांच तें फेकून देतो. पट्ट्याची त्यास गरज उरली नाहीं.

दुसरें कारण घरांतलें आहे. आमचें नरसिंहपूर हें नीरा व भीमा यांच्या संगमावरचें क्षेत्र. इंदापूर तालुक्यांतून श्रीतुकाराममहाराजांची पालखी दर वर्षीं पंढरीस जाते. अशा मुलखांत माळकरी घरें पुष्कळ. सोंवळें पाळणारीं घरेंही आहेत. पेठांतून जैन कुटुंबें आहेत. यांतील अनेकांस घरांत चामड्याचा पट्टा खुंटीवर टांगलेला चालत नाहीं. मुलगा विचारतो, “दादा, चाकूची धार कशावर काढूं ?” आणि वडील सांगतात, “दगडावर होते तेवढी पुरे.” ती पुरत नाहीं, आणि चामड्यास हात न लावतां ती पुरी करितां येते, हें दाखविण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम पट्ट्याचें काम काय तें पाहूं. दगडावर घासल्यानें पोलाद झिजतें. परंतु अगदीं कडेचें पोलाद झिजून पडण्याऐवजीं वांकतें व पलीकडच्या बाजूस पापुद्र्यासारखें उभें राहतें. डोळ्यांस तें सहसा दिसत नाहीं. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेर हळूच ओढला, तर एका बाजूस खरखर लागते; तोच हा पापुद्रा. असा चाकू पहिले दोनतीन काप झकास घेतो, कारण पापुद्रा स्वतः अतिशय पातळ असतो. मग तो मोडतो अगर दुमडतो, आणि त्यापुढें चाकू कापीत नाहीं, चिरडतो. पातें पट्ट्यावर पाठीकडून ओढलें म्हणजे हा पापुद्रा निखळून जातो व त्याखालची खरी धार गुळगुळीत होते. पट्ट्याचें काम एवढेंच. तें केवळ चामड्यानेंच व्हावें असें त्यांत कांहीं नाहीं. सपाटपणा, थोडासा मऊपणा आणि अतिशय बारीक घर्षण हे तीन गुण ज्या वस्तूंत असतील, ती वस्तु पट्टा होऊं शकते.

कलमास या बारकाव्याचें महत्त्व किती, हें द्राक्षवाले जाणतात. आमच्या तालुक्यांत बोरीसारख्या गांवीं द्राक्षाच्या मोठ्या बागा आहेत. तेथें डॉगरिजच्या खुंटावर पावसाळा उतरतांना पाचर कलम करितात. कलमकाडीच्या टोंकास दोन्ही बाजूंनीं उतरता काप देऊन पाचर करावयाची, खुंट मधोमध चिरून तींत ती बसवावयाची व वरून पट्टी गुंडाळावयाची. सालीच्या आंत जो एक पातळ जिवंत थर असतो, तो खुंटाचा व काडीचा एकमेकांस भिडला तरच कलम सांधतें. काप एका ओढींत सपाट आला तर थर भिडतो. चाकू चिरडीत गेला तर काप उंचसखल होतो, मध्यें पोकळी राहते, तींत पाणी व बुरशी शिरते. मग शेतकरी काडीस दोष देतो, हवेस दोष देतो, रोपवाटिकेशीं भांडतो. स्वतःच्या चाकूकडे मात्र पाहत नाहीं.

माझा स्वतःचा अनुभव डाळिंबाचा आहे, आणि तो सुखाचा नाहीं. माळावर माझें दीड एकर डाळिंब होतें. एका वर्षीं छाटणीस बाहेरची टोळी आली. माणसें कामास चांगलीं होतीं. त्यांच्या म्होरक्याच्या कमरेस चामड्याची एक पट्टी असे; चाकू बोथटला कीं तो तिच्यावर पुसल्यासारखा करी. ती पट्टी तेलानें व झाडांच्या चिकानें काळी कुळकुळीत झाली होती, आणि अनेक बागा हिंडून आली होती. पुढच्या पावसाळ्यांत फळांवर तेलकट डाग दिसूं लागले, डाग तडकले, आणि दोन हंगामांत बाग उपटावी लागली. तेल्या हा जंतूचा रोग आहे. तो रोगट रोपांबरोबर येतो, पावसाच्या शिंतोड्यांनीं पसरतो व छाटणीच्या हत्यारांवरूनही जातो. माझ्या बागेंत तो त्या पट्टीवरूनच आला असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास पुरावा नाहीं, आणि सारा जन्म कचेरींत काढल्यानें पुराव्यावांचून नोंद करण्याचा मला कंटाळा आहे. परंतु एक गोष्ट तेव्हांपासून मनांत बसली. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यांत बुडवून घ्यावी, असें तज्ज्ञ सांगतात. सोलापुरास २००५ सालीं डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालें; तेव्हांपासून हा उपदेश आपल्या भागांत सर्वांच्या कानांवर आहे. पण बुडवून स्वच्छ केलेला चाकू जर पुन्हा त्याच घाणेरड्या पट्टीवर ओढला, तर बुडविण्याचा उपयोग काय ? आणि पट्टी बुडवावी तर चामडें त्या पाण्यांत कडक होऊन खराब होतें. म्हणजे सोंवळें-ओंवळें क्षणभर बाजूस ठेविलें, तरी फळबागेंत चामड्याच्या पट्ट्याविरुद्ध एक सरळ व्यवहारी कारण उरतेंच. जो पट्टा एका बागेपुरता वापरून जाळून टाकितां येईल, तोच छाटणीस चांगला.

यावरून चामड्याची निंदा करावी असा माझा हेतु नाहीं. बाभळीच्या व तरवडाच्या सालीनें कमावलेलें चामडें हें धारेच्या कामीं फार उत्तम असे, आणि तें कमावणाऱ्यांच्या कसबावर आपली मोट व आपलें आऊत पिढ्यान् पिढ्या चाललें. कत्तलीचें कातडें नको पण चामडें चालेल, अशी ज्यांची भूमिका असेल त्यांस मधला मार्गही पूर्वीं दाखविला गेला आहे. वर्ध्याजवळ नालवाडी येथें गोपाळराव वाळुंजकर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत चर्मालय चालविलें, तें आपोआप मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर. गांधीजींचा आग्रह तसाच होता. मात्र आज गांवच्या बाजारांत असें खात्रीचें चामडें मागून मिळत नाहीं. मिळतें तें बहुधा रेक्झिन, म्हणजे कापडावर चढविलेला प्लास्टिकचा थर. त्यांत प्राण्याचा अंश नसतो हें खरें. पण तें घसरतें, दाबलें कीं फुगतें, आणि धार गोल करितें. मी एक हंगाम त्याच्यावर घालविला आहे. कोणी घेऊं नये.

आतां काय घ्यावें ? घरांत शोधिलें तर पहिली वस्तु जुना कागद. वर्तमानपत्राचे पांचसहा पदर सपाट फळीवर ताणून धरिले व चाकू पाठीकडून ओढला, तर पापुद्रा निघतो. कागदांत मातीसारखीं बारीक द्रव्यें मिसळलेलीं असतात व शाईंत काजळी असते, त्यांचें हें काम. जाड पुठ्ठा त्याहून बरा. छाटणीच्या टोळीस मी आतां दररोज सकाळीं पुठ्ठ्याच्या वीतभर लांब पट्ट्या कापून देतों व संध्याकाळीं त्या गोळा करून चुलींत घालितों. यापेक्षां स्वस्त उपाय मला ठाऊक नाहीं.

दुसरी वस्तु नवार. जुन्या पलंगाची सुती नवार धुऊन, खळ काढून, फळीवर दोन्ही टोंकांस खिळे मारून ताठ बसविली, तर ती अनेक वर्षें टिकते. वस्तऱ्याच्या पट्ट्यासही एका अंगास चामडें व दुसऱ्या अंगास तागाचें अगर सुती कापड लावण्याची चाल विलायतेंत होतीच; पहिले हात कापडावर, शेवटचे चामड्यावर. नवार सैल ठेवूं नये. सैल पट्ट्यावर पातें बुडतें व धारेचा कोन बिघडतो. प्लास्टिकची नवार अगदींच निरुपयोगी.

तिसरी वस्तु हलकें लाकूड. सावंतवाडीचीं खेळणीं ज्या पांगाऱ्याच्या लाकडाचीं होत, तो पांगारा आपल्याकडेही कुंपणास असतो. त्याची सपाट, गांठी नसलेली फळी चालते.

पण या सर्वांहून मला जी आवडली ती वस्तु आपल्या बांधावर उभी आहे व तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. घायपात ! ही वनस्पति मूळची अमेरिकेंतली. आपल्याकडे बांधास, माळास, रेल्वेच्या कडेस लावलेली. कित्येक वर्षें ती नुसतीं कांटेरी पानें वाढविते, मग एकदांच मधून दोनतीन पुरुष उंचीचा, कधीं त्याहूनही मोठा, दांडा सोडते, फुलते आणि मरते. पानांचा वाख आपण काढितों. दांडा मात्र वाऱ्यानें पडेपर्यंत तसाच उभा राहतो. १९११ सालच्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकांत हा दांडा वाळवून चिरला असतां वस्तऱ्याचा आयता पट्टा होतो, अशी नोंद आहे. युरोपांत भूर्जवृक्षावर येणाऱ्या एका अळंब्यासही लोकांनीं वस्तऱ्याच्या पट्ट्याचेंच नांव दिलें आहे. परंतु तें आपल्याकडे कोठून यावें? घायपात मात्र हाताशीं आहे. मी ती करून पाहिली.

दांडा पूर्ण वाळल्यावर, वरचीं फुलें व रोपें गळून गेल्यावरच तोडावा. ओल्या घायपातीचा रस अंगास लागला तर खाज व फोड येतात, डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. म्हणून घाई करूं नये. बुंध्याकडचा हातभर भाग फार टणक असतो व शेंड्याकडचा बारीक. मधला मनगटाहून जाड असा भाग घ्यावा. करवतीनें फूटभर लांबीचे तुकडे करावे व ते उभे चिरावे. बाहेर कठीण साल व आंत पिंवळसर, बुचासारखा हलका गाभा निघतो. ते सावलींत महिनाभर ठेवावे, कारण वरून वाळलेला दांडा आंत ओलसर असूं शकतो, व ओला गाभा पुढें वांकतो. नंतर कांचेच्या तुकड्यावर पॉलिश कागद पसरून त्यावर गाभ्याची बाजू घासावी, म्हणजे ती सपाट होते. साल मागच्या बाजूस तशीच राहूं द्यावी. तीच फळीचें काम करिते. हा पट्टा कोरडाच वापरिला तरी पापुद्रा काढतो. गाभ्यांतले तंतु लांबीच्या दिशेनें असतात, तेव्हां चाकूही त्याच दिशेनें ओढावा. आडवा ओढला तर गाभा उकलतो. माझा पहिला तुकडा असाच गेला.

याहून तलख धार पाहिजे असेल तर गाभ्यावर अगर नवारीवर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी चोळावी. चांगल्या प्रतींत तिचा कण सुमारें अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग इतका बारीक असतो. भुकटी महाग वाटली म्हणून मी भाताच्या तुसाची राख वापरून पाहिली. तुसांत वाळूचेंच द्रव्य असतें, तेव्हां ती चालावी असा माझा तर्क. राख पाण्यांत ढवळून निथळूनही खडे राहिले, आणि धारेवर नख अडकेल असे ओरखडे पडले. दोन रुपये वांचविण्यासाठीं चाकू पुन्हा दगडावर न्यावा लागला.

येथें एक इशारा आवश्यक आहे, विशेषतः ज्यांनीं व्रत म्हणून चामडें सोडिलें आहे त्यांस. चामडें गेलें म्हणजे प्राण्याचा अंश गेला असें नव्हे. पॉलिशची जी तयार वडी बाजारांत मिळते, तींत भुकटी बांधण्यासाठीं मेणकट पदार्थ असतो, आणि तो पुष्कळदां जनावरांच्या चरबीपासून काढलेला असतो. वेष्टनावर हें लिहिलेलें नसतें. १८५७ सालीं काडतुसांच्या चरबीवरून काय झालें तें आपण शाळेंत शिकलों, आणि घरांत तीच वस्तु नकळत हातांत घेतों. म्हणून वडी न घेतां कोरडी भुकटी घ्यावी, व ती शिवणयंत्राच्या तेलाच्या दोन थेंबांत कालवून लावावी. खाण्याचें तेल कांहीं दिवसांनीं चिकट होतें. खोबरेल त्यांतल्या त्यांत बरें, पण थंडींत गोठतें. पट्टा फळीस चिकटवितांना सुताराचा सरस वापरूं नये. तो हाडां-कातड्यांपासूनच होतो. बाभळीचा डिंक अगर हल्लींचा पांढरा कृत्रिम गोंद चालेल. नमदा हा लोंकरीचा असतो. लाखेचें रोगण किड्यापासूनचें.

कोणी म्हणेल, इतकें कोठें पाहत बसावें ? त्याचें उत्तर ज्यानें त्यानें द्यावयाचें आहे. सोंवळ्यांत रेशीम चालतें, घोंगडी चालते, आसनास मृगाजिनही चालतें. आणि ज्या माळकऱ्यास पट्टा चालत नाहीं, त्याच्या भजनांतील पखवाजाच्या दोन्ही तोंडांस चामडेंच असतें. हें मी टीका म्हणून लिहीत नाहीं. ज्याचा आक्षेप केवळ घरांतील चामड्याच्या स्पर्शापुरता आहे, त्यास नमद्याचा पट्टा निर्वेध आहे व तो कामासही चांगला. ज्याचा आक्षेप जीवाच्या हिंसेस आहे, त्यानें वरची यादी मनांत धरावी. आमच्या गांवच्या देवानें हिरण्यकश्यपूचें पारिपत्य नुसत्या नखांनीं केलें. त्यास ना चाकू लागला ना पट्टा. आपल्यास दोन्ही लागतात.

पट्ट्यावर हात कसा चालवावा हें थोडक्यांत सांगतों. दगडाचें काम आधीं पुरें झालेलें असावें. बोथट चाकू पट्ट्यावर धारदार होत नाहीं. पट्टा टेबलावर अगर मांडीवरच्या फळीवर आडवा ठेवावा. पाठ पुढें व धार मागें, असें पातें आपल्यापासून ओढीत न्यावें. टोंकास पोंचल्यावर धारेवरून न उलटतां पाठीवरून उलटावें. धारेवरून उलटलें कीं पट्टाही चिरतो व बोटही. पाठ नेहमींपेक्षां जास्त उचलूं नये. ती उचलण्यानेंच बहुतेकांची धार गोल होते. दाब चाकूच्या वजनाहून थोडा अधिक, बस्स. दोन्ही बाजूंस दहापंधरा हात पुरे होतात. कलमाच्या पुष्कळ चाकूंस एकाच बाजूस उतार असतो व दुसरी बाजू सपाट असते. सपाट बाजू पट्ट्यावर पूर्ण टेंकवूनच ओढावी, तिला कोन देऊं नये. पुष्कळ जुने न्हावी शेवटचे दोन हात तळहातावर मारीत. ज्यास चामडें वर्ज्य आहे, त्याच्या दृष्टीनें तेंही चामडेंच, स्वतःचें असलें म्हणून काय झालें ? शिवाय कलमाच्या चाकूनें तसें करणें धोक्याचें आहे.

धारेची परीक्षा दाढीच्या केसांवर घेण्याची हौस तरुणांस असते. ती सोडून द्राक्षाच्या छाटलेल्या हिरव्या काडीवर तिरपा काप घ्यावा व तो उन्हांत धरावा. काप आरशासारखा चकाकला व साल कोठेंही सुटली नाहीं, तर चाकू तयार आहे. कडेस साल तंतुतंतु झाली असेल, तर पापुद्रा अजून आहे. बागेंत काम चालूं असतां दर वीसपंचवीस कलमांनंतर पुन्हा पांचसहा हात द्यावे. त्यानें दगड लवकर काढावा लागत नाहीं व पातेंही जपतें. डाळिंबांत मात्र क्रम असा ठेवावा : आधीं पट्टा, मग औषधाचें पाणी, मग फडकें, आणि मगच पुढचें झाड. औषधाचें पाणी लोखंडास खातें, म्हणून संध्याकाळीं साध्या पाण्यानें धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन चाकू ठेवावा.

सर्व हत्यारांस पट्टा पाहिजे असें नाहीं. ऊंस तोडण्याचा कोयता, खुरपें, कुऱ्हाड, विळा यांस कानस व दगड भरपूर झाला. उलट कोयत्याची धार फार पातळ केली तर ती उसाच्या कांड्यावर मुरडते. स्वयंपाकघरांतील विळीस महिन्यांतून एकदां पुठ्ठा दाखविला तर घरांतून तक्रार येत नाहीं. पट्ट्याचा खरा मान कलमाच्या, डोळा भरण्याच्या व छाटणीच्या चाकूस.

घायपातीचा एक दांडा पांचसहा घरांस पुरतो. तो तोडण्यापूर्वीं मात्र बांध कोणाचा आहे तें पाहावें. हद्दीच्या बांधावरच्या घायपातीवरून झालेले तंटे मी कचेरींत पुष्कळ पाहिले आहेत. जोंवर झाड हिरवें असतें तोंवर तें कोणाचेंच नसतें, आणि तोडलें कीं दोघांचें होतें. शेजाऱ्यास आधीं विचारावें, व चिरून झाल्यावर त्यासही एक तुकडा द्यावा.